कॅप्सूलचे कवच आणि जैव बहुवारिकांची मिश्रणे

औषधाची कॅप्सूल ही आज घरोघरी परिचित असलेली वस्तू आहे. तिच्यातील औषधाविषयी पुष्कळ लिहिले-बोलले जाते. तिच्या कवचाविषयी मात्र सहसा कोणी चौकशी करीत नाही. हे कवच सुमारे एकदशांश मिलिमीटर जाडीचे असते. शून्य क्रमांकाच्या कॅप्सूलच्या धडात सुमारे ०·६८ घन सेंटिमीटर औषध मावते आणि रिकाम्या कवचाचे वजन जेमतेम शंभर मिलिग्रॅमच्या आसपास भरते. एवढ्याशा वस्तूकडून ज्या अपेक्षा केल्या जातात त्या मात्र परस्परविरोधी आहेत. कारखान्यात तिचा विद्राव सहज वाहावा आणि क्षणार्धात थिजावा. भरणयंत्राच्या धक्क्यांत कवच चिवट असावे. मुंबईच्या पावसाळ्यात आणि नागपूरच्या उन्हाळ्यात त्याने आपला आकार सारखाच राखावा. आणि रुग्णाच्या पोटात पोहोचताच थोड्या मिनिटांत त्याने नाहीसे व्हावे. हे सर्व गुण जिलेटिनच्या ठिकाणी एकत्र आलेले आहेत. निसर्गातील दुसऱ्या कोणत्याही एका बहुवारिकात, म्हणजे व्यवहारात ज्यास पॉलिमर म्हणतात अशा पदार्थात, ते तसे एकत्र आढळत नाहीत. म्हणून जिलेटिनला पर्याय शोधावयाचा तर तो एका पदार्थात नव्हे, पदार्थांच्या मिश्रणात शोधावा लागतो. आणि मिश्रणात उसना घेतलेला प्रत्येक गुण आपली किंमत कोठे ना कोठे वसूल करतो. ती किंमत कोठे द्यावी लागते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

पर्यायाची गरज का भासावी, हे प्रथम पाहिले पाहिजे. जिलेटिन हे कोलॅजेन या प्राणिज प्रथिनापासून मिळते. डुकराच्या कातडीवर आम्लाची प्रक्रिया करून मिळणारे 'अ' प्रकारचे, आणि गुरांच्या हाडांवर किंवा कातड्यावर चुन्याची दीर्घकाळ प्रक्रिया करून मिळणारे 'ब' प्रकारचे, असे त्याचे दोन भेद मानतात. शाकाहारी हिंदू, जैन, मुसलमान आणि ज्यू अशा निरनिराळ्या समाजांच्या आहारविषयक निर्बंधांस या दोहोंपैकी एक ना एक, अथवा दोन्हीही, बाधक ठरतात. १९९६ मध्ये गुरांच्या मेंदूच्या एका रोगाचा माणसाच्या तशाच घातक रोगाशी संबंध असल्याचे ब्रिटनमध्ये जाहीर झाले, तेव्हा गुरांच्या हाडांपासून केलेल्या जिलेटिनकडेही संशयाने पाहिले जाऊ लागले. भारतात २०१६ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जिलेटिनच्या जागी वनस्पतिजन्य कॅप्सूल आणण्याविषयी संबंधितांची मते मागविली. जिलेटिन त्यामुळे हद्दपार झाले नाही. परंतु प्रश्न सार्वजनिक झाला. तो निव्वळ भावनेचा आहे असे मानणे चुकीचे होईल. कवच वर्ज्य मानणारा रुग्ण कॅप्सूल उघडून आतील भुकटी पाण्याबरोबर घेतो, किंवा औषधच टाळतो. आतील औषध जठरातील आम्लाने नाश पावणारे असेल आणि कवचावरच आम्लरोधक लेप दिलेला असेल, तर उघडून घेतलेली मात्रा घेतल्यासारखी न घेतल्यासारखीच होते.

शिवाय जिलेटिनचे काही दोष शुद्ध रासायनिक आहेत. त्याच्या कवचात शेकडा १३ ते १६ पाणी असते व ते असावेच लागते. शेकडा दहाच्या खाली गेल्यास कवच काचेसारखे फुटते, अठराच्या वर गेल्यास ते मऊ पडून चिकटते. पाण्याने बिघडणाऱ्या औषधास हे सान्निध्य मानवत नाही. दुसरे असे की, अॅल्डिहाइडांचा लेशही जिलेटिनच्या साखळ्यांत आडवे बंध निर्माण करतो. काही सहायक द्रव्ये जुनी होताना फॉर्माल्डिहाइड सोडतात. ते कवचाशी संयोग पावून एक अविद्राव्य त्वचा तयार करते आणि कॅप्सूल चाचणीच्या पाण्यात फुगते खरी, पण उघडत नाही. अमेरिकेच्या औषधसंहितेत अशा प्रसंगी चाचणीच्या द्रवात पेप्सिन किंवा पॅन्क्रिएटिन मिसळण्यास मुभा आहे. उदरात ही पाचके असतातच, हा त्यामागील युक्तिवाद.

एवढे दोष असूनही जिलेटिन जवळजवळ दोन शतके टिकले, याचे कारण कॅप्सूल बनविण्याच्या रीतीत आहे. १८३४ मध्ये पॅरिस येथे मोथ आणि ड्यूब्लां यांनी जिलेटिनच्या एकसंध कॅप्सूलचे एकस्व घेतले. १८४६ मध्ये लेहुबी याने एकात एक बसणाऱ्या दोन भागांची, म्हणजे टोपण व धड असलेली, कॅप्सूल आणली. तेव्हापासून मूळ कृती बदललेली नाही. साच्याची खुंटी विद्रावात बुडवावयाची, वर काढावयाची आणि तिच्यावर बसलेला थर वाळवून ओढून घ्यावयाचा. १९३१ मध्ये अमेरिकेतील डिट्रॉइट येथे आर्थर कोल्टन याने पार्क-डेव्हिस कंपनीसाठी ही कृती पूर्णपणे यंत्रबद्ध केली. आजच्या कारखान्यांतील यंत्रे वेगाने कितीतरी पुढे गेली असली, तरी त्यांचा वंश त्याच यंत्राचा आहे. महाराष्ट्रात डहाणूसारख्या ठिकाणी मोठ्या प्रमाणावर कॅप्सूल बनतात त्याही याच रीतीने.

या कृतीचा बारकाईने विचार केल्यावाचून कवचाच्या पदार्थाचा विचार करता येत नाही. जिलेटिनचा शेकडा ३० ते ४० तीव्रतेचा विद्राव ४५ ते ५५ अंश सेल्सिअस तापमानावर राखलेला असतो. पोलादी खुंट्यांच्या रांगा साधारणतः खोलीच्या तापमानावर, सुमारे २२ अंशांवर, असतात. त्या विद्रावात शिरून वर येतात तेव्हा त्यांना लागलेला थर गुरुत्वाकर्षणामुळे खाली ओघळू पाहतो. रांगा उलट फिरविल्या जातात, थंड हवेचा झोत सोडला जातो आणि थोड्याच सेकंदांत थर जागच्या जागी थिजतो. यापुढे वाळवण्याचे काम पाऊण तासाच्या आसपास चालते. थिजण्यास विलंब झाला तर टोकाशी थेंब साचतो व खांद्याशी भिंत पातळ पडते. अशी भिंत भरणयंत्रात तडकते. टोपण आणि धड यांच्या व्यासांतील अंतर इतके सूक्ष्म असते की जाडीतील थोडासा फरकही दोहोंना एकमेकांत बसू देत नाही. म्हणजे कवचाच्या पदार्थाची पहिली परीक्षा तो चांगला पापुद्रा देतो की नाही ही नसून, तो उभ्या खुंटीवर वेळेवर थिजतो की नाही ही होय. शोधनिबंधांतून या भेदाकडे होणारे दुर्लक्ष ही या विषयातील मोठीच उणीव म्हणावी लागेल.

जिलेटिन या परीक्षेत का उतरते? उष्ण विद्रावात त्याच्या साखळ्या सैरभैर वेटोळ्यांच्या रूपात असतात. तापमान तीस अंशांच्या खाली उतरू लागले की तीन-तीन साखळ्यांचे काही भाग एकमेकांभोवती वळून मूळ कोलॅजेनसारखी त्रिसर्पिल रचना धारण करतात. या सर्पिलांच्या गाठींनी सर्व विद्रावभर जाळे पसरते व विद्राव थिजतो. पुन्हा पस्तीस अंशांच्या सुमारास या गाठी सुटतात. मनुष्यशरीराचे तापमान ३७ अंश आहे. म्हणजे गिळलेल्या कॅप्सूलचे कवच ज्या तापमानावर वितळावे, त्याच्या किंचितच खाली त्याचा विलयबिंदू येतो. आणि साधारण थंड पाण्यात तेच कवच नुसते फुगते, विरघळत नाही. हा योगायोग होय. जिलेटिनला पर्याय शोधणाऱ्याचे सारे कष्ट या एका योगायोगाची भरपाई करण्यात खर्च होतात.

आता उमेदवारांकडे वळू. सर्वांत आधी पुढे आली ती सेल्युलोजची ईथरे. १९५० मध्ये अमेरिकेतील एली लिली कंपनीने मिथिल सेल्युलोजच्या कॅप्सूलचे एकस्व मिळविले. आज प्रचारात असलेले हायड्रॉक्सिप्रॉपिल मिथिल सेल्युलोज, संक्षेपाने एच. पी. एम. सी., हे त्याचेच भावंड. लाकडाचा लगदा किंवा सरकीवर उरणारे कापसाचे आखूड तंतू हे त्याचे मूळ. ते 'नैसर्गिक' आहे असे वेष्टनांवर छापले जाते, त्याबद्दल मात्र सावधगिरी बाळगावी. सेल्युलोजची साखळी निसर्गाची खरी, परंतु तिच्यावरील मिथिल आणि हायड्रॉक्सिप्रॉपिल गट रसायनाच्या कारखान्यातच जोडले जातात. त्याचा पापुद्रा चिवट, स्वच्छ आणि शेकडा दोन ते सात इतक्या अल्प पाण्यावरही न फुटणारा असतो. अॅल्डिहाइडांशी त्याचे वैर नाही, कारण त्यात प्रथिनाचे अमिनो गट नाहीत. अडचण एकच, पण ती मुळावर येणारी: त्याचे थिजण्याचे वर्तन जिलेटिनच्या नेमके उलट आहे. तापविल्यास ते थिजते आणि गार केल्यास पुन्हा पातळ होते. त्यामुळे थंड विद्रावात तापलेल्या खुंट्या बुडवाव्या लागतात, आणि थर पुरता वाळेपर्यंत खुंट्या गार होऊ देता येत नाहीत. गार झाल्या की थर ओघळलाच. अशा रीतीने कॅप्सूल करता येते, आज ती केलीही जाते. परंतु जिलेटिनसाठी उभारलेली यंत्रसामग्री त्यासाठी जशीच्या तशी चालत नाही.

दुसरा उमेदवार पिष्ट, म्हणजे स्टार्च. ते स्वस्त, मुबलक आणि कोणाच्याही धर्माला न दुखविणारे आहे. मक्याच्या साध्या पिष्टात सुमारे चतुर्थांश अमायलोज हे सरळ साखळीचे आणि उरलेले अमायलोपेक्टिन हे फाटे फुटलेल्या साखळीचे बहुवारिक असते. पापुद्र्याची ताकद अमायलोजमुळे येते, परंतु पुढे बिघाडही होतो: शिळ्या भाकरीस जो कडकपणा येतो त्यामागील क्रिया, पिष्टाच्या साखळ्यांचे पुन्हा स्फटिकवत जुळणे, कवचातही घडते व ते दिवसेंदिवस ठिसूळ होत जाते. पिष्टाच्या कॅप्सूल १९८० नंतरच्या दशकात साच्यात दाबाने ओतून बनविण्यात आल्या होत्या. त्या खुंटीवर बनत नसल्यामुळे थिजण्याचा प्रश्नच तेथे उद्भवला नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

तिसरा पुलुलान. हे ऑरिओबॅसिडियम पुलुलान्स या बुरशीच्या किण्वनाने मिळणारे, माल्टोट्रायोज घटकांचे बहुवारिक होय. जपानमध्ये हायाशिबारा कंपनीने १९७६ मध्ये त्याचे व्यापारी उत्पादन सुरू केले. त्याचा पापुद्रा काचेसारखा स्वच्छ असतो, पाण्यात पटकन विरघळतो आणि प्राणवायूस फारच थोडी वाट देतो. हा शेवटचा गुण एच. पी. एम. सी. मध्ये जिलेटिनहूनही उणा आहे. परंतु पुलुलान गार केल्यास थिजत नाही, तापविल्यासही थिजत नाही. किंमतही बरीच असते. अल्जिनेट आणि कायटोसान यांवरही पुष्कळ काम झालेले आहे. त्यांचा उपयोग जठरात न उघडता पुढे आतड्यात उघडणाऱ्या कवचांसाठी अधिक. सर्वसाधारण कॅप्सूलसाठी नव्हे.

सारांश, पापुद्रा देणारी बहुवारिके पुष्कळ आहेत, गार होताच थिजणारी थोडी आहेत. मग पापुद्र्यासाठी एक व थिजण्यासाठी दुसरे घेऊन त्यांचे मिश्रण का करू नये, हा विचार सहज सुचणारा आहे. परंतु येथे ऊष्मागतिकी आडवी येते. डेल्फ्ट येथील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बायेरिंक याने १८९६ मध्येच असे पाहिले होते की, जिलेटिन आणि विद्राव्य पिष्ट यांचे विद्राव एकत्र केले असता ते एकजीव होत नाहीत; दोन थर पडतात व प्रत्येकात मुख्यतः एकच बहुवारिक राहते. याचे कारण १९४१-४२ च्या सुमारास फ्लोरी आणि हगिन्स यांनी स्वतंत्रपणे मांडलेल्या सिद्धांतातून स्पष्ट झाले. मूग आणि मटकी एका परातीत हलविली तर दाणे सहज मिसळतात, कारण त्यांच्या मांडणीचे असंख्य प्रकार संभवतात. तेच दाणे हजार-हजारांच्या माळांत ओवले तर माळेतील प्रत्येक दाण्यास शेजाऱ्याच्या मागे जावे लागते व मांडणीचे प्रकार अत्यंत कमी होतात. मिश्रणाने वाढणारी एंट्रॉपी बहुवारिकांच्या बाबतीत अशी नाममात्र राहते. मग दोन साखळ्यांत परस्परांविषयी थोडीशी नावड असली तरी ती त्यांना विभक्त करण्यास पुरते. उलट त्यांच्यावर विरुद्ध विद्युत्‌भार असतील तर त्या इतक्या आवेगाने एकत्र येतात की दोन्ही मिळून विद्रावातून खाली बसतात; जिलेटिन व बाभळीच्या जातीचा डिंक यांच्याबाबत बुंगेनबर्ग डी योंग आणि क्रॉयट यांनी १९२९ मध्ये या क्रियेचे वर्णन करून तिला कोअॅसर्व्हेशन हे नाव दिले. म्हणजे मिश्रणकाराची वाट दोन दऱ्यांच्या मधून जाते.

यातून निघालेला व्यवहारी मार्ग मोठा मार्मिक आहे. थिजविणारे बहुवारिक इतक्या अल्प प्रमाणात घ्यावयाचे की त्याला विभक्त होण्यास अवसरच मिळू नये, परंतु त्याचे जाळे मात्र सर्व विद्रावभर पसरावे. कॅप्पा कॅरागीनन हे समुद्रशैवलापासून मिळणारे गंधकयुक्त शर्कराबहुवारिक या कामी उत्तम ठरले. तामिळनाडूच्या किनाऱ्यावर मंडपमच्या परिसरात कॅप्पाफायकस या शैवलाची यासाठी शेती होते, आणि हिप्निया वंशाची, हेच द्रव्य धारण करणारी शैवले कोकणच्या किनाऱ्यावरील खडकांवरही आढळतात. कॅरागीननच्या साखळ्या गार होताना जोडीजोडीने द्विसर्पिल होतात. या सर्पिलांवरील सल्फेट गटांचा ऋणभार त्यांना एकमेकांपासून दूर लोटतो. पोटॅशियमचे आयन मध्ये येऊन तो भार निववितात व सर्पिलांच्या जुड्या बांधल्या जातात. सोडियमचे आयन हे काम तितक्या प्रभावीपणे करू शकत नाहीत. जपानमध्ये १९९० च्या सुमारास विकसित झालेल्या कॅप्सूलमध्ये एच. पी. एम. सी. हे शरीर, कॅरागीनन हा सांगाडा आणि पोटॅशियम क्लोराइड ही त्याची गाठ, अशी योजना आहे. विद्रावात एच. पी. एम. सी. शेकडा वीसच्या आसपास असते, कॅरागीनन शेकडा एकाहूनही कमी. जेलन डिंक हे सूक्ष्मजीवजन्य द्रव्यही याच रीतीने वापरले जाते, आणि पुलुलानच्या कॅप्सूलमध्येही कॅरागीनन व पोटॅशियम हीच जोडी योजतात. अशा विद्रावात गार खुंट्या बुडविता येतात, आणि जिलेटिनची यंत्रे थोड्या फेरफाराने चालू शकतात.

आता किंमत. पोटॅशियमने बांधलेली गाठ पोटात सुटली पाहिजे; परंतु पोटॅशियम तेथेही असते. जिलेटिनची गाठ तापमानाने सुटते, आणि शरीराचे तापमान रुग्णागणिक बदलत नाही. कॅरागीननची गाठ आयनांच्या प्रमाणावर अवलंबून राहते, आणि पोटातील आयन मात्र जेवणागणिक बदलतात. प्रयोगशाळेत याचा अनुभव फार लवकर येतो. फॉस्फेटचा उभयप्रतिरोधी द्रव पुष्कळदा पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेटपासून तयार करतात. तो वापरला असता कॅरागीननयुक्त कवच उघडण्यास अधिक वेळ लागतो, आणि त्याच अम्लतेचा सोडियमचा द्रव वापरला असता तो वेळ घटतो. जेलनचे तर आम्लातही जाळे घट्ट होते. त्यामुळे जठरातील द्रवाप्रमाणे तयार केलेल्या आम्लद्रवात असे कवच जिलेटिनच्या मागे पडते. प्रयोगशाळेतील हा विलंब शरीरात त्याच प्रमाणात उमटेलच असे नाही, कारण जठराचे आकुंचन-प्रसरण कवचास यांत्रिक रीतीनेही फाडीत असते. शेकडो औषधे अशी आहेत की त्यांच्या बाबतीत पाच-दहा मिनिटांच्या उशिराने काहीच बिघडत नाही. परंतु वेदनाशामक औषधाची, किंवा आतड्याच्या वरच्याच भागात शोषल्या जाणाऱ्या औषधाची गोष्ट निराळी. अशा औषधाचे जिलेटिनचे कवच काढून वनस्पतिजन्य कवच चढविणे हा वेष्टनातील बदल नसून औषधयोजनेतील बदल आहे, असे समजूनच त्याची परीक्षा झाली पाहिजे. गार न होता तापूनच थिजणाऱ्या निव्वळ एच. पी. एम. सी. च्या कॅप्सूलकडे उत्पादक पुन्हा वळले, याचे एक कारण हेच होय. त्यांत आयनांची गाठच नसते.

दुसरा हिशेब पाण्याचा आहे. कोणताही पापुद्रा एका विशिष्ट तापमानाखाली काचेसारखा कडक व त्यावर रबरासारखा मऊ असतो. यास काचसंक्रमण तापमान म्हणतात. पाणी, ग्लिसरीन यांसारखी लहान रेणूंची मृदुकारक द्रव्ये ते तापमान खाली आणतात. गॉर्डन आणि टेलर यांच्या १९५२ च्या समीकरणाने मिश्रणाचे हे तापमान घटकांच्या प्रमाणावरून अजमाविता येते, मात्र मिश्रण खरोखर एकजीव असेल तरच. हवेतील आर्द्रता बदलली की कवचातील पाणी बदलते आणि हे तापमान वर-खाली सरकते. जिलेटिनचे कवच वैशाखातील विदर्भात ठिसूळ होण्याकडे झुकते व आषाढातील कोकणात मऊ होण्याकडे. पिष्टाच्या मिश्रणात ग्लिसरीन जास्त घालून ठिसूळपणा टाळावा, तर पावसाळ्यात कवचे एकमेकांस चिकटतात. कमी घालावे, तर उन्हाळ्यात तडकतात. या बाबतीत एच. पी. एम. सी. सर्वांत सोशिक आहे. ज्या मिश्रणात त्याचे प्रमाण जास्त, त्याचे वर्तन हवामानाच्या दृष्टीने बरे, असा साधारण अनुभव आहे.

मऊ कॅप्सूलचा प्रश्न वेगळा असल्यामुळे येथे त्याचा ओझरता उल्लेखच पुरे. तेथे खुंटी नसते; दोन पट्टे एकमेकांवर दाबून, त्यांच्यामध्ये औषध सोडून, कडा उष्णतेने सांधतात. म्हणून पट्टा सांधण्याचे तापमान त्याच्या वितळण्याच्या तापमानाच्या खाली असावे लागते. आयोटा कॅरागीननच्या पट्ट्यात हे अंतर जवळजवळ राहत नाही; त्यात सुधारित पिष्ट घातले की ते अंतर उघडते, असा शोध घेऊन २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अशा कॅप्सूल बाजारात आल्या. तेथे पिष्टाने आपला ठिसूळपणा फारसा दाखविला नाही, कारण मृदुकारक द्रव्य पुष्कळ चालते.

विद्यापीठातील प्रयोगशाळेत या विषयावर काम करणाऱ्यांची नेहमीची पद्धत अशी असते: मिश्रणाचा विद्राव सपाट तबकडीत ओतावयाचा, एक-दोन दिवस वाळू द्यावयाचा, आणि मिळालेल्या पापुद्र्याची तनन-क्षमता, जाडी, पारदर्शकता व बाष्पपारगम्यता मोजावयाची. आकडे समाधानकारक आले की 'हे मिश्रण कॅप्सूलसाठी योग्य' असा निष्कर्ष निघतो. परंतु तबकडी सपाट असते व वाळण्यास सवड भरपूर असते. तेथे थिजण्याची गरजच पडत नाही. पिष्ट व पुलुलान, पिष्ट व जवसाचा किंवा तत्सम वनस्पतींचा चिकट रस, अशी मिश्रणे तबकडीत उत्तम वागतात आणि खुंटीवर ओघळतात. याउलट दीर्घकाळ वाळण्यामुळे तबकडीत दोन प्रावस्था विभक्त होण्यास पुरेसा वेळ मिळतो, जो खुंटीवर मिळाला नसता. म्हणजे एखादे चांगले मिश्रण तबकडीत उगाचच नापास होण्याचाही संभव आहे.

त्यासाठी आरंभी करावयाचा प्रयोग खर्चिक नाही. गुळगुळीत पोलादी सळई, तापमान स्थिर राखणारे पाण्याचे भांडे आणि सूक्ष्ममापक एवढ्यावर तो होतो. विद्राव ५० अंशांवर ठेवून, सळई २२ अंशांवर आणून, ठराविक वेगाने बुडवून वर काढावी. वाळलेली नळी कापून टोकापासून वर दर दोन मिलिमीटरवर भिंतीची जाडी मोजावी. टोकाची व वरच्या भागाची जाडी यांचे गुणोत्तर एकाच्या जितके जवळ तितके मिश्रण वेळेवर थिजले. मिश्रण तापविताना व गार करताना श्यानता कोणत्या तापमानावर एकदम वाढते हे जोडीला मोजावे. ते तापमान विद्रावाच्या भांड्याच्या फार जवळ असले, तर विद्राव भांड्यातच थिजू लागतो. फार खाली असले, तर खुंटीवर थिजत नाही.

एकजीवपणाविषयी पारदर्शकतेवर विसंबू नये. दोन प्रावस्थांचे प्रणमनांक सारखे असतील, किंवा विभक्त झालेले कण प्रकाशाच्या तरंगलांबीहून पुष्कळ लहान असतील, तर दुभंगलेले मिश्रणही डोळ्यांस स्वच्छ दिसते. भेददर्शी उष्मामापनात एक काचसंक्रमण तापमान मिळते की दोन, हे पाहावे. दोन मिळाल्यास मिश्रण दुभंगलेले आहे, मग ते कितीही सुंदर दिसो. ज्या मिश्रणात थिजविणारे द्रव्य शेकडा एकाहून कमी आहे, तेथे दुसरे संक्रमण या साधनास दिसणारच नाही, हेही ध्यानात ठेवावे. तेथे सूक्ष्मदर्शकच अधिक उपयोगी.

विघटनाची चाचणी इंडियन फार्माकोपियाप्रमाणे ३७ अंशांवर पाण्यात घेतली व कठीण कॅप्सूलसाठी असलेल्या तीस मिनिटांच्या मुदतीत कवच उघडले, एवढ्यावर थांबल्यास वर सांगितलेला आयनांचा दोष झाकलेलाच राहतो. म्हणून कॅरागीनन किंवा जेलन असलेल्या प्रत्येक मिश्रणाची परीक्षा निदान चार द्रवांत घ्यावी: शुद्ध पाणी, दशांश नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल, ६·८ अम्लतांकाचा सोडियम फॉस्फेटचा द्रव आणि त्याच अम्लतांकाचा पोटॅशियम फॉस्फेटचा द्रव. शेवटच्या दोहोंतील वेळेचा फरक हाच त्या कवचाच्या आयनसंवेदनेचा माप होय. तीच कवचे ४० अंश तापमान व शेकडा ७५ सापेक्ष आर्द्रता या स्थितीत सहा महिने ठेवून पुन्हा याच चारही द्रवांत तपासावी लागतात. कारण साठवणुकीत पाणी घेत-सोडीत असताना सर्पिलांच्या जुड्या हळूहळू अधिक घट्ट होऊ शकतात, आणि पहिल्या दिवशी दहा मिनिटांत उघडणारे कवच सहाव्या महिन्यात तितक्याच वेळात उघडेल याची हमी तबकडीतला कोणताही आकडा देत नाही.